दंडातील ‘पिक लाइन’ : बसवणे तासाभराचे, जपणूक महिनोन्महिन्यांची

यशवंतपूर (बंगळुरू) : कर्करोगावरील केमोथेरपी, हाडांच्या किंवा हृदयाच्या झडपांच्या संसर्गावर अनेक आठवडे द्यावी लागणारी प्रतिजैविके, तोंडावाटे अन्न घेऊ न शकणाऱ्या रुग्णांचे शिरेवाटे पोषण, अशा उपचारांसाठी दंडातील शिरेतून एक बारीक, लवचिक नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेऊन ठेवली जाते. रुग्णालयांच्या बोलीत तिला ‘पिक लाइन’ म्हणतात. ती बसवण्यास साधारण अर्धा ते एक तास पुरतो. त्यानंतर मात्र ती कित्येक आठवडे, काही वेळा महिने, रुग्णाच्या शरीरात राहते. या काळातील बहुतेक दिवस रुग्ण आपल्या घरी असतो आणि ते घर रुग्णालयापासून शेकडो किलोमीटर दूर असू शकते. नळीचे आयुष्य आणि रुग्णाची सुरक्षितता बव्हंशी या घरच्या दिवसांवर अवलंबून असते.

यशवंतपूरच्या संदर्भात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रातील कांदा उत्पादकांना आणि व्यापाऱ्यांना हे नाव येथील कृषी उत्पन्न बाजार समितीमुळे परिचित आहे. यशवंतपूर–पंढरपूर आणि यशवंतपूर–लातूर या गाड्यांच्या नावांतच हे उपनगर आहे, तर पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी या मार्गावरील गाड्याही या स्थानकावर थांबतात. स्थानकाच्या परिसरात मोठी खासगी रुग्णालये आहेत, शेजारच्या मत्तीकेरे भागात रामय्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, होसूर रस्त्याजवळ, १९७३ मध्ये स्थापन झालेली किडवई स्मारक कर्करोग संस्था आहे. उत्तर कर्नाटकातील आणि सीमाभागातील मराठी भाषक कुटुंबांसाठी उपचारांच्या वाटा मुंबईच्या परळमधील टाटा स्मारक रुग्णालयाकडे जशा जातात, तशाच बंगळुरूकडेही जातात. दोन्हीकडे उपचारांचे एक आवर्तन संपवून रुग्ण गावी परततो आणि पुढील आवर्तनापर्यंत दंडातील नळी सांभाळणे त्याच्या कुटुंबाकडे येते.

हातावरची सुई अपुरी का पडते?

सलाईन किंवा इंजेक्शनसाठी मनगटावर अथवा हाताच्या पाठीवर लावली जाणारी छोटी सुई, म्हणजे कॅन्युला, काही दिवसांपुरतीच असते. साधारण तीन-चार दिवसांत ती जागा सुजते, दुखू लागते किंवा सुई बंद पडते आणि नवी शीर शोधावी लागते. उपचार लांबले की हातावर एकही शीर सापडेनाशी होते. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत हा अनुभव सार्वत्रिक आहे.

दुसरे कारण औषधांच्या स्वरूपात आहे. डॉक्सोरुबिसिन, विन्क्रिस्टिन यांसारखी औषधे शिरेबाहेर झिरपल्यास त्वचा आणि तिच्याखालील ऊती जळाल्यासारख्या होतात, प्रसंगी जखम खोलवर जाते. शिरेवाटे दिले जाणारे संपूर्ण पोषणद्रावण इतके दाट असते की लहान शिरेचे अस्तर ते सोसू शकत नाही. हातावरच्या शिरेतून रक्त संथ वाहते. याउलट, दोन्ही हात, डोके व मान यांच्याकडून रक्त घेऊन हृदयाकडे जाणाऱ्या ऊर्ध्व महाशिरेत मिनिटाला सुमारे दोन लिटर रक्त वाहत असते. औषध तेथे पोहोचताच मोठ्या प्रवाहात मिसळून विरळ होते आणि शिरेच्या भिंतीला इजा होत नाही. पिक लाइनचे टोक याच ठिकाणी, म्हणजे ऊर्ध्व महाशीर आणि हृदयाचे उजवे अलिंद यांच्या संगमाजवळ ठेवले जाते.

एका धाडसी प्रयोगाची पार्श्वभूमी

हातातील शिरेतून हृदयापर्यंत नळी नेता येते, हे १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवले. मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी नळी त्यांनी आपल्या कोपराजवळील शिरेतून सुमारे ६५ सेंटिमीटर आत सरकवली, त्याच अवस्थेत क्ष-किरण विभागापर्यंत चालत जाऊन प्रतिमा काढून घेतली आणि नळीचे टोक हृदयात असल्याचा पुरावा सादर केला. त्या काळी या प्रयोगावर टीका अधिक झाली. पुढे आंद्रे कूर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी हे तंत्र हृदयविकारांच्या निदानासाठी विकसित केले आणि १९५६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून देण्यात आले.

१९५३ मध्ये स्वीडनचे डॉक्टर स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी सुईतून बारीक तार रक्तवाहिनीत घालून तिच्या आधारे नळी आत नेण्याची पद्धत मांडली. आजही हेच तत्त्व वापरले जाते. १९७५ मध्ये अमेरिकेतील शल्यविशारद व्हर्न होशल यांनी हातातील शिरेतून बसवलेल्या सिलिकॉनच्या मऊ नळीद्वारे रुग्णांचे पोषण करण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. आजच्या पिक लाइनची सुरुवात सामान्यतः तेथून मानली जाते. त्यानंतर सोनोग्राफीची जोड मिळाल्याने, वरून न दिसणाऱ्या दंडातील खोल शिराही सुरक्षितपणे वापरता येऊ लागल्या.

नळी कशी बसवली जाते?

प्रौढांसाठीची नळी साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांब असते आणि रुग्णाच्या मापानुसार ती कापून घेतली जाते. तिची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश. प्रौढांमध्ये बहुधा चार किंवा पाच फ्रेंचची नळी वापरतात, तर मुदतीपूर्वी जन्मलेल्या अर्भकांसाठी एक फ्रेंच इतक्या बारीक नळ्याही असतात. नळीत एक, दोन किंवा तीन मार्ग असू शकतात. मार्ग जितके अधिक, तितकी नळी जाड आणि गुंतागुंतीची शक्यताही जास्त. त्यामुळे एका मार्गाने काम भागत असेल तर एकच मार्ग असलेली नळी निवडावी, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.

प्रक्रियेपूर्वी रक्तातील प्लेटलेट, रक्त गोठण्याची क्षमता आणि मूत्रपिंडांचे कार्य तपासले जाते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढलेल्या असतील, त्या बाजूला पेसमेकर असेल किंवा पूर्वी त्या हातात गुठळी झाली असेल, तर दुसरा हात निवडतात. रुग्णाने ही माहिती न विचारताही सांगावी.

शिरेची निवड सोनोग्राफीने होते. दंडाच्या आतील बाजूची बॅसिलिक शीर सर्वसाधारणपणे पहिली पसंती असते, कारण ती रुंद असते आणि हृदयाकडे तुलनेने सरळ जाते. नळीने शिरेच्या रुंदीचा ४५ टक्क्यांहून अधिक भाग व्यापू नये, असा संकेत आहे. उरलेल्या जागेतून रक्त वाहते राहिले तरच गुठळीचा धोका आटोक्यात राहतो.

प्रक्रिया शस्त्रक्रियेइतक्याच निर्जंतुक वातावरणात होते. बसवणारी व्यक्ती टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक झगा व हातमोजे वापरते आणि रुग्णाचे शरीर मोठ्या निर्जंतुक कापडाने झाकले जाते. क्लोरहेक्सिडिन व अल्कोहोल यांच्या द्रावणाने त्वचा पुसून ती पूर्ण वाळू दिली जाते. दंडाच्या त्या भागाला स्थानिक भूल दिल्यामुळे सुरुवातीच्या टोचणीनंतर फारशी वेदना होत नाही. केवळ दाब जाणवतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई शिरेत जाते, सुईतून तार, तारेवरून छोटी वाट मोठी करणारी नळी आणि तिच्यातून पिक लाइन. नळी पुढे सरकत असताना रुग्णाला त्याच हाताकडे मान वळवून हनुवटी खांद्याकडे टेकवण्यास सांगितले जाते, जेणेकरून नळी मानेतील शिरेत वळू नये. शेवटी छातीचे क्ष-किरण छायाचित्र किंवा हृदयाच्या विद्युत आलेखाच्या साहाय्याने टोकाची जागा निश्चित केली जाते. ही खात्री होण्यापूर्वी नळीतून औषध देत नाहीत.

बाहेर राहिलेला काही सेंटिमीटरचा भाग चिकटपट्टीच्या विशेष साधनाने त्वचेवर स्थिर करून पारदर्शक ड्रेसिंगने झाकला जातो. पहिला दिवस-दोन दिवस दंड ठणकणे, किंचित रक्त दिसणे स्वाभाविक असते.

पिक लाइन कोणाला नको?

सोय मोठी असली तरी पिक लाइन प्रत्येकासाठी योग्य नसते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक निकषांनुसार, साध्या शिरेतून देण्याजोगे औषध पाच दिवसांपर्यंत द्यायचे असल्यास पिक लाइन अनुचित मानली आहे. उपचार दोन आठवड्यांत संपणारे असतील आणि औषध शिरेला त्रासदायक नसेल, तर ‘मिडलाइन’ ही काखेपर्यंतच जाणारी आखूड नळी अधिक योग्य ठरते.

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांनी विशेष सावध राहावे. त्यांना पुढे डायलिसिस लागल्यास हातातील शीर व रोहिणी जोडून फिस्टुला तयार करावा लागतो. पिक लाइनमुळे त्या शिरा अरुंद किंवा बंद झाल्या, तर फिस्टुलासाठी जागाच उरत नाही. म्हणून मूत्रपिंडांची कार्यक्षमता मध्यम ते अधिक प्रमाणात घटलेल्या रुग्णांमध्ये पिक लाइन टाळावी आणि निर्णयापूर्वी मूत्रपिंडतज्ज्ञांचे मत घ्यावे, असे हेच निकष सांगतात.

अनेक महिने चालणाऱ्या केमोथेरपीसाठी छातीच्या त्वचेखाली बसवला जाणारा ‘केमोपोर्ट’ हा आणखी एक पर्याय आहे. ब्रिटनमधील १८ केंद्रांत १,०६१ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पिक लाइन व पोर्ट यांच्या थेट तुलनेत पिक लाइनच्या ४७ टक्के रुग्णांना, तर पोर्टच्या ३२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाल्याचे आढळले. पोर्ट पूर्णतः त्वचेखाली असल्याने त्याला रोजची देखभाल लागत नाही आणि अंघोळीचे बंधनही नसते. मात्र तो बसवण्यासाठी व काढण्यासाठी छोटी शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्याचा सुरुवातीचा खर्चही अधिक असतो. उपचारांचा कालावधी, घरचे अंतर आणि देखभालीची सोय या तिन्ही गोष्टी सांगून डॉक्टरांशी पर्यायांची चर्चा करणे हिताचे ठरते.

धोके कोणते?

पहिला धोका रक्तातील जंतुसंसर्गाचा. नळीचे एक टोक त्वचेबाहेर आणि दुसरे हृदयाच्या दाराशी असते. बाहेरच्या तोंडातून शिरलेले जंतू थेट रक्तप्रवाहात पोहोचतात. हा संसर्ग अटळ नाही, हे मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांत राबवलेल्या मोहिमेने दाखवून दिले. हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिनचा वापर, मांडीतील शीर टाळणे आणि अनावश्यक नळी तत्काळ काढणे, या पाच साध्या गोष्टी काटेकोरपणे पाळल्याने मध्यवर्ती शिरेतील नळ्यांचे संसर्ग १८ महिन्यांच्या काळात ६६ टक्क्यांपर्यंत घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे.

दुसरा धोका गुठळीचा. नळीभोवती रक्त साकळून दंडातील खोल शीर अंशतः किंवा पूर्णतः बंद होऊ शकते. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, मान किंवा छातीतून बसवलेल्या नळ्यांच्या तुलनेत पिक लाइनमध्ये हा धोका अधिक असतो. कर्करोगाच्या आणि अतिदक्षता विभागातील रुग्णांत तो विशेष दिसतो. याखेरीज नळी चोंदणे, टोक जागेवरून सरकणे, नळीला चीर पडणे आणि चिकटपट्टीमुळे त्वचेला पुरळ येणे, या तक्रारीही आढळतात.

घरी आल्यानंतर

नळीतून औषध दिले जात नसतानाही ती ठरावीक काळाने सलाईनने धुवावी लागते. याला ‘फ्लश’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा फ्लश आणि त्याच वेळी ड्रेसिंग बदलणे, असा क्रम असतो. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांत किमान एकदा, तर कापसाच्या जाळीचे ड्रेसिंग दोन दिवसांत बदलावे लागते. ड्रेसिंग ओले झाले, मळले किंवा त्याची कड सुटली, तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नये. उन्हाळ्यात सोलापूर, लातूर किंवा विजयपूरसारख्या भागांत घामाने ड्रेसिंग लवकर सुटते, हे ध्यानात ठेवून एखादे जादा ड्रेसिंग घरी आणून ठेवावे.

फ्लश प्रशिक्षित व्यक्तीनेच करावा. हात धुऊन, नळीचे तोंड अल्कोहोलच्या पुसणीने १५ सेकंद घासून, वाळल्यावर दहा मिलिलिटरची सिरिंज जोडली जाते. लहान सिरिंजमुळे दाब वाढून नळी फाटू शकते, म्हणून दोन किंवा पाच मिलिलिटरची सिरिंज वापरू नये. सलाईन एका दमात न ढकलता थोडे थोडे, थांबत थांबत सोडतात. त्यामुळे नळीच्या आतील बाजू स्वच्छ होते. अडथळा जाणवल्यास जोर लावू नये. काही नळ्यांना बाहेर चिमटा असतो, काहींना आतच झडप असते. त्यानुसार पद्धत बदलते. आपली नळी कोणत्या प्रकारची आहे, हे कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे.

दैनंदिन व्यवहारात पुढील पथ्ये पाळावीत. अंघोळीपूर्वी दंडाला प्लास्टिकचे आवरण घट्ट गुंडाळावे आणि तो हात पाण्याच्या धारेपासून दूर ठेवावा. विहिरीत किंवा तलावात पोहणे, तसेच चंद्रभागेसारख्या नदीत डुबकी घेणे नळी असेपर्यंत वर्ज्य आहे. त्या हाताने पाण्याची घागर, धान्याचे पोते किंवा मूल उचलू नये. हात अजिबात न हलवणेही योग्य नव्हे. हलक्या हालचाली आणि मूठ उघड-मीट केल्याने रक्तप्रवाह चालू राहतो. सदऱ्याची किंवा पोलक्याची बाही सैल असावी. त्या दंडावर रक्तदाब मोजू देऊ नये आणि नळीजवळ कात्री किंवा ब्लेड वापरू नये. झोपेत नळी ओढली जाऊ नये म्हणून तिच्यावर जाळीदार पट्टा घालता येतो. पाणी पुरेसे पिणे हितकारक असते. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे बंधन असल्यास तेच पाळावे.

विलंब न लावण्याजोगी लक्षणे

पुढीलपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी, शक्य असल्यास त्याच तासात वैद्यकीय मदत घ्यावी.

• ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप. फ्लशनंतर थंडी वाजून येणे.
• नळीच्या जागी लाली, पू, वाढती वेदना किंवा गळती.
• दंड, हात, मान किंवा चेहऱ्यावर सूज. छातीवर ठळक दिसू लागलेल्या शिरा.
• नळीचा बाहेरचा भाग पूर्वीपेक्षा लांब दिसणे. बाहेर आलेली नळी आत ढकलू नये.
• फ्लश करताना कानात पाणी वाहिल्यासारखा आवाज येणे किंवा छातीत धडधडणे.
• नळीला चीर पडणे. अशा वेळी चिरेच्या वर, म्हणजे शरीराच्या बाजूला, नळी दुमडून घट्ट धरावी आणि तातडीने रुग्णालय गाठावे.
• अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे. नळीत हवा शिरल्याची शंका असल्यास रुग्णाला डाव्या कुशीवर, डोके खाली राहील असे झोपवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना येणारा ताप ही आपत्कालीन स्थिती असते. अशा रुग्णाला रुग्णालयात पोहोचल्यापासून पहिल्या तासात प्रतिजैविक मिळावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहणे किंवा बंगळुरू-मुंबईची गाडी पकडण्याचा विचार करणे धोक्याचे ठरू शकते. आधी जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठावे आणि तेथून मूळ रुग्णालयाशी संपर्क साधावा.

सोबतचा कागद

गावच्या दवाखान्यातील किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनी पिक लाइन हाताळलेली असेलच असे नाही. तिला साधी सलाईनची नळी समजून लहान सिरिंज लावणे, ड्रेसिंग काढताना नळी ओढली जाणे किंवा भीतीपोटी हातच न लावणे, या तिन्ही गोष्टींतून नुकसान होऊ शकते. त्यामुळे रुग्णालय सोडण्यापूर्वी नळीची माहिती लिहिलेला कागद घेणे आवश्यक आहे. त्यात नळी बसवल्याची तारीख, हात व शीर, आत गेलेली आणि बाहेर राहिलेली लांबी, त्या वेळचा दंडाचा घेर, नळीची जाडी व प्रकार, चिमटा की झडप, फ्लशसाठी काय व किती वापरायचे, पुढील ड्रेसिंगची तारीख आणि दिवसरात्र उपलब्ध असलेला दूरध्वनी क्रमांक या बाबी असाव्यात. सूचना इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असतील आणि घरच्यांना त्या वाचता येत नसतील, तर परिचारिकेकडून समजावून घेऊन त्या मराठीत लिहून ठेवाव्यात. घरातील एका व्यक्तीने परिचारिकेसमोर एकदा प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय घरी फ्लश करण्याची जबाबदारी स्वीकारू नये.

आपल्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम कोण करू शकेल, ही चौकशीही परतीच्या प्रवासापूर्वीच व्हावी. जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा कर्करोग उपचार केंद्र यांपैकी एक ठिकाण निश्चित करून तेथे आठवड्याचा ठरावीक वार पक्का केल्यास प्रत्येक ड्रेसिंगसाठी बंगळुरू गाठण्याची वेळ येत नाही.

नळी काढताना

उपचार संपले, नळीची गरज उरली नाही किंवा संसर्ग आटोक्यात येत नसला, की नळी काढली जाते. त्यासाठी सहसा भूल लागत नाही. रुग्णाला आडवे झोपवून, श्वास रोखायला किंवा सोडायला सांगून परिचारिका ती हळूहळू बाहेर ओढते, जागेवर काही मिनिटे दाब देते आणि हवाबंद ड्रेसिंग लावते. बाहेर आलेली नळी मोजून ती पूर्ण निघाल्याची खात्री केली जाते. हे काम घरी करू नये.

‘पुढे लागलीच तर असू द्या’ या विचाराने नळी ठेवून देणे योग्य नाही. शरीरात राहिलेला प्रत्येक जादा दिवस संसर्गाची आणि गुठळीची शक्यता वाढवतो. म्हणून नळी बसवताना ती किती दिवसांसाठी आहे, हा प्रश्न जसा विचारायचा, तसाच प्रत्येक भेटीत तिची अजून गरज आहे का, हेही रुग्णाने किंवा नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावे.